बाबांच्या अनियमित ठोक्यांसाठी ॲब्लेशन करावं का?

प्रश्न थोडक्यात असा. सोलापूरच्या पूर्व भागातल्या एका ताईंनी वडिलांचे कागद पाठवलेत. वडील 61 वर्षांचे, यंत्रमाग कारखान्यात जॉबर होते, आता घरी असतात. रक्तदाब आणि साखर दोन्ही आहे, गोळ्यांवर आटोक्यात. हार्ट अटॅक नाही, स्टेंट नाही. दोन वर्षांपासून महिन्यातून दोन-तीनदा अचानक धडधड सुरू होते, घाबरं होतं, जिना चढवत नाही. सहा-आठ तासांनी आपोआप थांबतं. ईसीजीत एट्रियल फिब्रिलेशन, म्हणजे ठोके अनियमित होण्याचा आजार, निघालं. पुण्याच्या डॉक्टरांनी ॲब्लेशन, म्हणजे शिरेतून हृदयात तारा नेऊन करायची प्रोसिजर, सुचवलं. इथले फिजिशियन म्हणतात, गोळ्यांवर चालू द्या. आत्या म्हणते, हृदयाला हात लावू देऊ नका. आणि शेजारच्या एका बाईंचं असंच काहीतरी करून घेतल्यावर त्या कायमच्या बऱ्या झाल्या. ताई विचारतात, करावं का, आणि नाही केलं तर बाबांना धोका आहे का?

ताई, मी सोलापुरात 27 वर्षं हृदयरोगाची प्रॅक्टिस करतोय. ॲब्लेशन मी स्वतः करत नाही. ज्यांना गरज वाटते त्यांना पुण्याला किंवा हैदराबादला पाठवतो, आणि तिकडून परत आले की पुढची कित्येक वर्षं त्यांना मीच बघतो. त्यामुळे ज्यांचं चांगलं झालं तेही डोळ्यांसमोर आहेत आणि ज्यांचं नाही झालं तेही.

तुमच्या प्रश्नाआधी मला दुसरंच काहीतरी सांगायचंय, कारण ते जास्त घाईचं आहे. चिठ्ठीवर रक्तदाब-साखरेच्या गोळ्या सोडल्या तर ठोके मंद ठेवणारं मेटोप्रोलॉल आहे, लय सांभाळणारं अमिओडॅरोन आहे आणि ॲस्पिरिन 75 आहे. रक्त पातळ करणारी खरी गोळी नाही. घरी बहुतेक असं सांगितलं गेलं असणार की ॲस्पिरिन हीच रक्त पातळ करणारी गोळी. या आजारासाठी ती पुरत नाही.

एट्रियल फिब्रिलेशनमध्ये हृदयाचे वरचे दोन कप्पे नीट आकुंचन पावत नाहीत, नुसते थरथरतात. डाव्या कप्प्याला एक छोटा खिसा असतो, त्यात रक्त साचून राहतं आणि गुठळी होते. ती सुटली की थेट मेंदूत जाऊ शकते. या आजारात अर्धांगवायूचा धोका साधारण पाचपट होतो, आणि असा झटका बहुतेक वेळा मोठा असतो. माणूस अंथरुणाला खिळतो. कोणाला किती धोका, हे आम्ही गुण मांडून ठरवतो. रक्तदाबाचा एक, मधुमेहाचा एक, हृदय कमजोर असेल तर एक, रक्तवाहिन्यांचा आजार असेल तर एक, वय 65 झालं की एक, 75 झालं की दोन, आणि आधी झटका येऊन गेला असेल तर दोन. बाबांचे आजच दोन होतात, चार वर्षांनी तीन होतील. दोन गुण असलेल्या माणसाला ॲपिक्साबॅन, रिव्हारोक्साबॅन, डॅबिगॅट्रान यांपैकी एखादी गोळी द्यावी, यावर आज जगभर एकमत आहे. ॲपिक्साबॅन आणि ॲस्पिरिन यांची समोरासमोर तुलना करणारा ॲव्हेरोज नावाचा अभ्यास 2011 साली आला. ॲपिक्साबॅनवर अर्धांगवायूचे झटके निम्म्याहून कमी झाले, आणि मोठा रक्तस्राव ॲस्पिरिनइतकाच राहिला. तेव्हा या गोळ्या महाग होत्या. पेटंट संपल्यापासून भारतीय कंपन्यांच्या गोळ्या पुष्कळ स्वस्त मिळतात, त्यामुळे पैशाचं कारणही आता फारसं उरलेलं नाही.

तुम्ही स्वतःहून गोळी बदलू नका. क्रिएटिनिन (मूत्रपिंडाची तपासणी) आणि हिमोग्लोबिन करून घ्या, तो कागद घेऊन याच आठवड्यात तुमच्या फिजिशियनना भेटा आणि एवढंच विचारा, 'ॲस्पिरिनऐवजी ॲपिक्साबॅनसारखी गोळी सुरू करायची का?' भांडायची गरज नाही. चिठ्ठ्यांवर चिठ्ठ्या चढत जातात आणि एखादी जुनी गोळी तशीच पुढे चालत राहते, हे कोणाच्याही हातून होतं.

इको मी नीट पाहिला. मायट्रल व्हॉल्व्ह, म्हणजे डावीकडच्या वरच्या-खालच्या कप्प्यांमधली झडप, चांगला आहे. हे मुद्दाम लिहितोय, कारण आपल्या भागात लहानपणी सांधेताप होऊन व्हॉल्व्ह आखडलेल्या बायका अजूनही बऱ्याच दिसतात. त्यांना या नव्या गोळ्या चालत नाहीत. 2022 च्या इन्व्हिक्टस अभ्यासात, ज्यात सांधेतापाने व्हॉल्व्ह खराब झालेलेच पेशंट होते, जुनी वॉरफरिनच्या जातीची गोळी रिव्हारोक्साबॅनपेक्षा सरस ठरली. या बायकांना आयएनआर, म्हणजे रक्त किती पातळ आहे याचं माप, 2 ते 3 मध्ये ठेवावा लागतो. मेथी, शेपू, पालक एक आठवडा रोज आणि पुढच्या आठवड्यात अजिबात नाही, असं केलं की तो वर-खाली होतो. श्रावणातल्या उपासांतही मी हे दरवर्षी बघतो. तुमच्या ओळखीत कोणी असेल तर भाजी बंद करू नका म्हणावं, रोज साधारण सारखी खा म्हणावं. बाबांना या नव्या गोळीवर भाजीचं कसलंच पथ्य नाही.

आता ॲब्लेशन.

1998 मध्ये फ्रान्समधल्या बोर्दो इथल्या डॉक्टरांनी दाखवून दिलं की या आजाराची ठिणगी बहुतेक वेळा फुप्फुसांकडून डाव्या कप्प्यात येणाऱ्या शिरांच्या तोंडाशी पडते. त्या तोंडांभोवती व्रणाचं कडं तयार केलं की ठिणगी आत पडली तरी कप्प्यात पोचत नाही. विचार एवढा साधा आहे. जांघेतल्या शिरेतून तारा वर नेतात, दोन कप्प्यांमधल्या पडद्याला बारीक छिद्र पाडून डावीकडे जातात, आणि ते कडं उष्णतेने, नाहीतर थंड फुग्याने गोठवून, नाहीतर अलीकडे विजेच्या अगदी क्षणिक झटक्यांनी तयार करतात. छाती उघडत नाहीत. दोन-तीन तासांचं काम, एक-दोन दिवस दवाखान्यात. आत्यांना एवढं नक्की सांगा की हे बायपाससारखं ऑपरेशन नाही. पण त्यांची भीती अगदीच उडवून लावण्यासारखीही नाही, त्यावर पुढे येतो.

शेजारच्या बाईंचं उदाहरण मात्र बाजूला ठेवा. तुम्ही लिहिलंय त्यावरून तो आजार वेगळा असावा. त्याला एसव्हीटी म्हणतात. त्यात ठोके जलद पण एका लयीत पडतात, घड्याळासारखे, आणि बटण दाबल्यासारखे सुरू होऊन तसेच बंद होतात. जन्मतःच हृदयात विजेची एक जादा वाट असते, तेवढी जाळली की शंभरातल्या 95 हून अधिक जणांचा प्रश्न मिटतो, अनेकांच्या गोळ्याही सुटतात. माझ्याकडे विडी वळणारी 34 वर्षांची एक बाई होती. नऊ वर्षं तिला घरचे आणि डॉक्टरही सांगत होते की टेन्शन घेतेस. बाधा झाली म्हणून दोन-तीन ठिकाणी नेऊनही झालं. एके दिवशी धडधड चालू असतानाच ती रिक्षाने माझ्याकडे आली, दारातच ईसीजी काढला, ठोके 190 आणि एका लयीत. महिन्याभरात पुण्यात ॲब्लेशन झालं. तिला मी 'विचार करून सांगा' म्हटलं नव्हतं, 'करून घ्या' म्हटलं होतं. असे पेशंट असले की माझं उत्तर एका ओळीचं असतं. त्या बाईचे नऊ वर्षांचे हाल एका ईसीजीअभावी झाले, आणि मला आजही त्याचं वाईट वाटतं. कोणालाही धडधड होत असेल तर ती चालू असताना ईसीजीची पट्टी काढून घ्या. शांत असतानाच्या दहा पट्ट्यांपेक्षा ती एक मोलाची.

एट्रियल फिब्रिलेशनचं गणित इतकं सोपं नाही. बाबांसारखा, येऊन-जाऊन असणारा प्रकार असेल तर एका प्रोसिजरनंतर वर्षभराने साधारण शंभरातले 70 जण धडधडीच्या झटक्यांपासून मोकळे असतात. आठवड्याहून जास्त टिकून बसणारा प्रकार असेल तर हा आकडा बराच खाली येतो. बऱ्याच जणांना दुसऱ्यांदा करावं लागतं. ज्यांना पूर्ण आराम पडत नाही त्यांच्यातही अनेकांचे झटके विरळ होतात, महिन्यातून तीनऐवजी वर्षातून तीन. खर्चाचा विचार करताना हे 'दुसऱ्यांदा' डोक्यात ठेवा, कारण कोटेशनवर ते नसतं.

मग करायचं कशासाठी? सगळा निर्णय या प्रश्नावर आहे, आणि बहुतेक घरांत तो कोणी विचारतच नाही.

आयुष्य वाढावं म्हणून करायचं असेल, तर बाबांसारख्या माणसाला मी तसं वचन देऊ शकत नाही. कॅबाना नावाचा मोठा अभ्यास 2019 मध्ये प्रसिद्ध झाला, 2204 पेशंटांचा. एका गटाला ॲब्लेशन, दुसऱ्याला औषधं. मृत्यू, अर्धांगवायूचा मोठा झटका, गंभीर रक्तस्राव, हृदय बंद पडणं हे सगळं एकत्र धरून दोन्ही गटांत ठाम म्हणता येईल असा फरक दिसला नाही. पण ॲब्लेशनवाल्यांना पुन्हा त्रास कमी झाला आणि त्यांचं रोजचं जगणं जास्त सुधारलं. म्हणजे तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर असं, की ॲब्लेशन नाही केलं म्हणून बाबांच्या जिवाला थेट धोका नाही. धोका रक्त पातळ करणारी गोळी नसण्यात आहे. ॲब्लेशन करायचं ते त्रासासाठी.

याला एक मोठा अपवाद आहे. हृदयाचं पंपिंग कमी झालं असेल तर हिशेब बदलतो. 2018 च्या कॅसल-एएफ अभ्यासात अशा कमजोर हृदयाच्या पेशंटांमध्ये मृत्यू किंवा हार्ट फेल्युअरसाठी दाखल होणं औषधांच्या गटात 44.6 टक्के होतं, ॲब्लेशनच्या गटात 28.5 टक्के. अक्कलकोटकडचे एक शेतकरी काका आठवतात. पंपिंग 30 टक्क्यांवर आलेलं, ठोके महिनोन् महिने 130 च्या घरात. 'हृदय मोठं झालंय' एवढंच त्यांना सांगितलं होतं. ठोके जलद असल्यामुळेच हृदय थकलं होतं. ॲब्लेशननंतर सहा महिन्यांनी पंपिंग 50 झालं. बाबांचं 60 आहे, त्यामुळे हे त्यांना लागू नाही.

आता एक गोष्ट, जी मला प्रत्येक घराला सांगाविशी वाटते. ॲब्लेशन यशस्वी झालं म्हणून रक्त पातळ करणारी गोळी बंद होत नाही. प्रोसिजरनंतर किमान दोन-तीन महिने ती सगळ्यांनाच लागते. त्यानंतर ती ठेवायची की नाही, हे वर सांगितलेल्या गुणांवर ठरतं, ठोके आता कसे वाटतात यावर नाही. बाबांचे दोन गुण आहेत, म्हणजे त्यांना ती पुढेही घ्यावी लागणार असं धरून चाला. माझ्या एका पेशंटने छान वाटतंय म्हणून आठव्या महिन्यात गोळी सोडली. मधुमेह होता, वय 68. त्याला अनियमित ठोक्यांचे झटके पुन्हा येत होते, पण जाणवत नव्हते. ॲब्लेशननंतर असं होतं. अकराव्या महिन्यात उजवी बाजू गेली. बोलणं अजून नीट परत आलेलं नाही. 'गोळी सुटावी म्हणून ॲब्लेशन' असं तुमच्या घरात कोणाच्या मनात असेल तर तो विचार आजच काढून टाका.

धोक्यांविषयी. चांगल्या, अनुभवी हातांत शंभरातल्या दोन ते चार जणांना काहीतरी मोठी अडचण येते. सगळ्यात जास्त जांघेत रक्त साकळणं, ते बरं होतं. शंभरात एखाद्याला हृदयाभोवतीच्या पिशवीत रक्त जमतं, ते तिथल्या तिथे काढावं लागतं. अर्धांगवायूचा झटका अर्ध्या टक्क्याहून कमी. थंड फुग्याने केलं तर कधी कधी उजव्या बाजूच्या श्वासपटलाची नस काही काळ बधिर होते.

एक धोका फार दुर्मिळ आहे, हजारोंत एखादा, पण तुम्ही पुण्यापासून अडीचशे किलोमीटरवर राहता म्हणून तो सविस्तर सांगतो. अन्ननलिका डाव्या कप्प्याला अगदी पाठीमागून चिकटून जाते. उष्णतेने तिथे इजा झाली तर दोन ते सहा आठवड्यांनी अन्ननलिका आणि हृदय यांच्यात भोक पडू शकतं. तोवर माणूस घरी येऊन फिरायला लागलेला असतो. ताप येतो, गिळताना दुखतं, छातीत दुखतं, कधी अर्धांगवायूसारखी लक्षणं दिसतात. इथे कोणीही आधी टायफॉइड, डेंगीच म्हणणार, आणि गिळताना दुखतंय म्हटल्यावर दुर्बिणीने तपासायला सांगणार. ती एंडोस्कोपी अशा वेळी जीवघेणी ठरू शकते, कारण आत भरलेली हवा भोकातून थेट हृदयात जाते. म्हणून ॲब्लेशननंतरच्या दोन महिन्यांत ताप आला तर दाखल करताना पहिलं वाक्य हेच बोला, 'यांचं ॲब्लेशन झालंय, दुर्बीण घालू नका, छातीचा सीटी स्कॅन करा', आणि त्याच वेळी पुण्याच्या डॉक्टरांना फोन लावा. घरातल्या प्रत्येकाला हे पाठ असू द्या. विजेच्या झटक्यांच्या नव्या पद्धतीत अन्ननलिकेला इजा होण्याची भीती खूप कमी दिसते. ती पद्धत त्यांच्याकडे आहे का, हे विचारा.

मग गोळ्यांवरच चालवायचं का? इथे तुमच्या फिजिशियनांचं म्हणणं अर्धं बरोबर आहे. 78 वर्षांच्या एखाद्या आजींना फारसा त्रास नसेल, ठोके 80-90 च्या आसपास असतील, तर मी त्यांना कुठेही पाठवत नाही. मेटोप्रोलॉल आणि रक्त पातळ करणारी गोळी, बस. पण बाबांना त्रास आहे, आणि त्यांच्या चिठ्ठीत अमिओडॅरोन आहे. हे औषध काम चोख करतं, पण त्यात आयोडिन भरपूर असतं आणि ते शरीरात महिनोन् महिने साठून राहतं. थायरॉइड, यकृत, फुप्फुसं, तिन्हींवर लक्ष ठेवावं लागतं. 61 वर्षांच्या माणसाला पुढची वीस वर्षं या गोळीवर ठेवणं मला पटत नाही. थायरॉइडची तपासणी सुरुवातीला केली होती का, हे कागदांत दिसत नाही. ती आणि यकृताची आता करा. थायरॉइड वाढलेला असेल तर धडधडीचं निम्मं कारणच तिथे सापडेल.

वाट बघण्याचीही किंमत असते. 1995 मध्ये नेदरलँड्समधल्या मास्ट्रिख्टच्या संशोधकांनी शेळ्यांवर दाखवलं की हा आजार जितका वेळ चालतो तितका तो स्वतःच टिकायला मदत करतो. कप्पा ताणतो, बदलतो, आणि मग लय परत आणणं अवघड होतं. बाबांचा डावा कप्पा आज 41 मिलिमीटर आहे, थोडाच मोठा. तो 50 च्या पुढे गेल्यावर माझ्याकडे आला असतात, तर मी इतक्या उत्साहाने लिहिलं नसतं.

तेव्हा माझं मत स्पष्ट सांगतो. बाबा ॲब्लेशनसाठी चांगले उमेदवार आहेत. मी त्यांना 'करा' म्हणेन, पण पुढच्या आठवड्यात नाही. आधी रक्त पातळ करणारी गोळी. मग दोन-तीन महिने काही गोष्टींवर काम. वजन 86 किलो आणि उंची 5 फूट 5 इंच, हे जास्त आहे. ऑस्ट्रेलियातल्या ॲडलेडमधल्या डॉक्टरांनी 2015 मध्ये दाखवलं की वजन दहा टक्के किंवा जास्त उतरवून ते टिकवणाऱ्यांमध्ये झटक्यांपासून मोकळं राहण्याची शक्यता सहापट होती. बाबांसाठी ते आठ-नऊ किलो होतात. ज्वारीची भाकरी चालूच ठेवा, शेंगाचटणीवरचं तेल आणि रात्री उशिराचं जेवण कमी करा, पहाटे ऊन चढायच्या आत चाला. ते घोरतात का, झोपेत श्वास अडकतो का, हे आईंना विचारा. असेल तर झोपेची तपासणी करून घ्या. तो आजार तसाच ठेवून केलेलं ॲब्लेशन जास्त वेळा फसतं. दारू घेत असतील तर बंद. एवढं करून झटके इतके कमी झाले की बाबा म्हणाले 'आता मला काही त्रास नाही', तर तेव्हा थांबायलाही हरकत नाही.

नाही कमी झाले, तर पुण्याला जा, आणि बाबांना बोलू द्या. आमच्याकडे पेशंट गप्प बसतो आणि मुलगा, जावई, मेहुणे बोलतात. जिना कोणाला चढवत नाही, रात्री कोण उठून बसतं, ते बाबांनाच माहीत आहे. डॉक्टरांना विचारा की वर्षाला तुम्ही स्वतः अशी किती करता, हृदयाची शस्त्रक्रिया करणारी टीम त्याच इमारतीत आहे का, आधी अन्ननलिकेतून इको करून गुठळी नाही ना हे बघणार का, तारा नव्या असतील की निर्जंतुक करून पुन्हा वापरलेल्या, आणि दुसऱ्यांदा करावं लागलं तर खर्च किती. एकूण खर्च लेखी मागा. महात्मा फुले योजनेत किंवा तुमच्या विम्यात यातलं काय बसतं, ते योजनेतल्या दवाखान्यातला आरोग्यमित्र आणि विमा कंपनी आधीच सांगू शकतात. दाखल झाल्यावर विचारू नका. एखाद्या डॉक्टरांना हे प्रश्न आवडले नाहीत, तर दुसरीकडे दाखवा.

झालं तर पहिले दोन-तीन महिने धडधड पुन्हा येऊ शकते, आतला व्रण भरत असतो. तेवढ्यावरून फसलं असं समजू नका. जांघ भरेपर्यंत आठवडाभर जड उचलणं नको, पाण्याची घागरसुद्धा.

उद्या सकाळी बाबांना घेऊन रक्त द्यायला जा. क्रिएटिनिन, हिमोग्लोबिन, थायरॉइड आणि यकृत, चारही एकाच वेळी होतात आणि क्रिएटिनिन त्याच दिवशी हातात येतं. धडधड पुन्हा सुरू झाली तर तारीख, वेळ आणि नाडीचे ठोके एका वहीत लिहा, आणि जमलं तर जवळच्या दवाखान्यात पट्टी काढून त्याच वहीत चिकटवा. पुण्याला जाताना ती वही सोबत न्या. आणि तोंड वाकडं झालं, हात गळाला किंवा बोलणं अडखळलं, तर मला किंवा कोणालाही विचारत बसू नका. 108 ला फोन करा आणि सीटी स्कॅन असलेल्या मोठ्या दवाखान्यात तासाभरात पोचा. लक्षणं नेमकी किती वाजता सुरू झाली ते लक्षात ठेवा. तिथले डॉक्टर पहिलं तेच विचारतात.